आजोबांचं फेवर ल्युबा सापडलंय? पॉलिशला टाकायच्या आधी हे करा

आपल्याकडं जुनं लोखंडी कपाट उघडलं की सातबाऱ्याच्या फायली, पावत्या आणि रुमालात गुंडाळलेलं एक बंद घड्याळ निघतंच, आणि लई वेळा ते फेवर ल्युबाच असतं. माझ्या आज्याचं सी चीफ (फेवर ल्युबाचं एक मॉडेल) असंच निघालं, गुळाच्या सौद्याला मार्केट यार्डात जाताना तो ते घालायचा.

एवढी स्विस घड्याळं आपल्याकडं आली कशी हे आधी समजून घ्या, पुढं उपयोगी पडतं. स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावात १७३७ साली अब्राहम फाव्र (यालाच आपण फेवर म्हणतो) घड्याळजी म्हणून नोंदला गेला, ल्युबा घराणं नंतर जोडलं गेलं आणि १८६५ च्या सुमारास ही मंडळी मुंबईत धंद्याला आली, म्हणजे बाकी बऱ्याच कंपन्यांना भारत नीट माहीत पण नव्हता तेव्हा. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात हेच. १९६२ ला बिव्होॲक नावाचं घड्याळ काढलं, त्यात हवेच्या दाबावरून उंची कळायची, त्याच दशकात बाथी, ते पाण्याखाली किती खोल गेलाय ते दाखवायचं. पुढं बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि कंपनी कोसळली, नाव या हातातून त्या हातात गेलं, २०११ ला टायटननं घेतलं आणि आता ते घड्याळं विकणाऱ्या इथॉस कंपनीच्या ग्रुपकडं आहे.

आता कामाचं. पहिली गोष्ट, सापडल्या सापडल्या किल्ली देऊ नका. वीस-तीस वर्षं पडून आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, तसंच चालवलं की बारीक चाकांची टोकं झिजतात. घरात सगळे म्हणतात किल्ली जास्त दिली म्हणून बंद पडलं, तसं नसतं ओ, फुल्ल किल्ली देऊन पण चालत नसेल तर बहुतेक वेळा घाण आणि सुकलेलं तेल हेच कारण.

मग डायल बघा, उन्हात, भिंग लावून, निवांत. सहाच्या खाली स्विस मेड आहे का? अक्षरं कडेला पसरलेली दिसतात का? मिनिटाच्या रेघा सगळीकडं सारख्या अंतरावर आहेत का? मूळ छपाई बारीक आणि धारदार असते, नंतर रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड, वाकडी आणि रंग एकदम भडक असतो. नेटवर चमचमीत निळ्या-केशरी डायलची जी स्वस्तात मिळतात ती बहुतेक अशीच रंगवलेली. आकड्यांवर किंवा काट्यांवर अंधारात चमकायचा पिवळट मसाला असेल तर तो खरवडू नका, साठच्या दशकाच्या आधीच्या घड्याळात रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असायचा आणि त्याची धूळ नाकात गेलेली चांगली नाही. सहाच्या खाली स्विसच्या आजूबाजूला टी अक्षर असेल तर ते ट्रिटियम, रेडियमच्या जागी आलेला चमकणारा मसाला, म्हणजे घड्याळ त्यानंतरचं.

मागचं झाकण घरी चाकूनं उघडू नका, कारागिराकडूनच उघडून घ्या, पण समोर बसून. मशीनवर फेवर ल्युबाचं नाव कोरलेलं पाहिजे, बॅलन्सच्या, म्हणजे मागं-पुढं हलणाऱ्या चाकाच्या, आसपास एफएल आणि आकडा असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. त्यांची काही पातळ मशीनं दोन स्प्रिंगच्या डब्यांची होती, ती बघायला मिळाली तर नशीब. आणि झाकण उलटं करून आतली बाजू नक्की बघा, जुने कारागीर सर्व्हिसिंग केलं की सुईनं तिथं खूण आणि तारीख ओरखडायचे. आज्याच्या झाकणात अशा चार ओळी निघाल्या, शेवटची १९८४ ची, आणि ते बघून बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

कारागिराला स्पष्ट सांगायचं, फक्त साफसफाई आणि ऑइलिंग, डायलला हात लावायचा नाही, केस (घड्याळाची बाहेरची बॉडी) घासायची नाही. हे सांगितलं नाही तर काय होतं ते मी भोगलंय, मामाचं घड्याळ एका दुकानात दिलं आणि त्यांनी प्रेमानं डायल नवीन रंगवून दिली, त्यावरचा चहाच्या रंगाचा डाग गेला आणि मामाचं घड्याळ पण गेलं. काच प्लॅस्टिकची असते, तिचे बारीक ओरखडे मऊ फडक्यानं थोडी टूथपेस्ट लावून हळू घासले की जातात, एवढं घरी चालतं. जुना सडका पट्टा मात्र काढूनच टाका, घामानं केस खाल्ली जाते.

चालू झालं की कानाला लावा, त्या काळच्या बहुतेक मशीनांचे सेकंदाला पाच ठोके पडतात, एकसारखे पाहिजेत, लंगडत असेल तर परत न्या. रोज सकाळी एकाच वेळी किल्ली द्या आणि अडलं की थांबा, जोर लावायचा नाही. मागं वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी आतलं रबर कधीच गेलेलं असतं, त्यामुळं जूनपासून गणपतीपर्यंत आपल्या पावसात ते घालून बाहेर पडू नका, कोरड्या डब्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा किल्ली देऊन थोडा वेळ चालवा.