‘सोल्प अ‍ॅडजस्ट माड्री’ म्हणजे नेमकं काय?

बेळगावात नवीन येणारे बरेचजण कन्नडचे आकडे पाठ करून येतात. ते करावेच. पण पहिल्याच आठवड्यात कानावर सारखं पडेल ते क्रियापद इंग्रजी आहे : अ‍ॅडजस्ट. कन्नड बोलणारा ‘माड्री’ (करा) जोडतो, मराठी बोलणारा ‘करा की ओ’; ‘सोल्प’ म्हणजे थोडं. अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो.

मी २००३ साली साताऱ्याहून आलो. खानापूरच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. काखेत भाजीची बुट्टी घेऊन एक आजी चढल्या. “सोल्प अ‍ॅडजस्ट माड्री.” खिडकीजवळचा गडी पत्र्याला चिकटला, मधल्याने गुडघे तिरके केले. मी हललो नाही. शाळेतल्या इंग्रजीत अ‍ॅडजस्टला कर्म लागायचं : घड्याळ, आरसा, ब्रेक. इथं कर्मच नव्हतं. सरकायचं होतं ते मी, हे कळेपर्यंत आजी दांडी धरून उभ्या राहिल्या होत्या. त्याची बोच अजून आहे. पुढे कोशात पाहिलं, तर शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जुक्स्टा’ निघाला, म्हणजे ‘जवळ’. जवळ आणणं हाच त्याचा जुना अर्थ, आणि तो त्या बाकावर जिवंत होता.



दुकानात सुट्टे नसले की “दोन रुपये अ‍ॅडजस्ट करूया” म्हणतात, म्हणजे पुढच्या खेपेला धरू. नेहमीचा दुकानदार बहुतेक लक्षात ठेवतो. गॅरेजमध्ये क्लच अ‍ॅडजस्ट होतो, तिथं अर्थ सरळ इंग्रजीच.

जपायचं ते घरमालकाच्या तोंडी आल्यावर. “डिपॉझिट शेवटच्या भाड्यात अ‍ॅडजस्ट करू” याला आपल्याकडे ‘वळतं करणं’ म्हणतात, आणि वळतं करायला आकडा लागतो. मी आकडा विचारला नाही. घर सोडताना रंग, नळ, विजेचं बिल सगळं त्या एका शब्दात गेलं, हातात काही आलं नाही. किती महिने, किती रुपये, हे करारातच लिहून घ्या. मागायला संकोच करू नका, इथं कुणी वाईट मानत नाही.

आणखी एक. पाणी चार दिवसांनी आलं, शेजाऱ्यांचा कार्यक्रम रात्री लांबला, की “अ‍ॅडजस्ट करून घ्या” ऐकू येईल. याला कन्नडात ‘होंदकोंडु होगबेकु’ म्हणतात, आपल्यात जुळवून घेणं. शेजारधर्म म्हणून जरूर घ्या. पण घरात नव्या सुनेलाच तेवढं हे वाक्य ऐकवलं जातं, तेव्हा ते मला पटत नाही. सरकायचं असतं ते बाकावरच्या सगळ्यांनी.

बसमध्ये कुणी म्हणालं, तर नुसतं सरकू नका. हातानं जागा दाखवा आणि म्हणा, “बर्री, कूड्री.” म्हणजे, या, बसा.