जूनमध्ये मिठागर शोधू नका: पदवीच्या मुलांकडून सूक्ष्मजीवांवर संशोधन करून घेताना या चुका टाळा

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधन आणलं आणि मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्यांची एक मोठी सोय गेली. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं. ग्रॅम स्टेनमध्ये (जीवाणू रंगवून ओळखायच्या चाचणीत) जांभळं काय दिसणार आणि गुलाबी काय, हे शिक्षकाला माहीत असतं, आणि गेल्या वर्षीच्या जर्नलच्या कृपेने मुलांनाही. संशोधनात ते कुणालाच माहीत नसतं. तरी आपण प्रोजेक्ट आखतो तो प्रॅक्टिकलच्याच सवयीने. खालच्या बहुतेक चुका त्या सवयीतून आलेल्या आहेत, आणि जवळजवळ सगळ्या मी स्वतः करून झालो आहे.

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि मिठागराचं कॅलेंडर

एका वर्षी पावसाळी सेमिस्टरला एका गटाने विषय मागितला: ‘मिठागरातले लवणप्रेमी जीवाणू’. मी लगेच हो म्हटलं. पणजीहून रायबंदरला जाताना कॉजवेच्या बाजूला मिठागरं दिसतातच, मग अडचण कसली? ऑगस्टमध्ये मुलं बाटल्या घेऊन गेली तर आगरात पावसाचं पाणी तुंबलेलं आणि त्यात बगळे उभे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; मीठ बसायला लागतं तेव्हा तो आकडा ३००च्या आसपास पोचलेला असतो. हे घडतं ते पाऊस गेल्यावर, बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) दुरुस्त झाल्यावर, उन्हाच्या महिन्यांत. आम्ही मात्र पावसाच्या पाण्याचा नमुना आणून तो २५ टक्के मिठाच्या मीडियावर (सूक्ष्मजीव वाढवायच्या खाद्यावर) पसरवला. दोन आठवड्यांनी निरोप आला, ‘‘सर, कांयच येवंक ना.’’ म्हणजे काहीच उगवलं नाही.

विषय निवडताना आधी तो सजीव त्या महिन्यात तिथे असतो का, हे विचारा. पावसाळ्यात खाजनातली (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतजमिनीतली) माती, भाताची मुळं, खारफुटीचा चिखल, सान्नाचं (इडलीसारख्या गोव्याच्या पदार्थाचं) आंबवलेलं पीठ असे विषय हाताशी असतात. काजूच्या बोंडाच्या रसातलं यीस्ट दुसऱ्या सेमिस्टरसाठी ठेवा. तेही लवकर, कारण हंगाम भरात येतो तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असतं.

मिठागराचाच हट्ट असेल तर एक वाट आहे, आणि ती मला उशिरा सुचली. मिठाचा खडा बसताना त्याच्या आत खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्यांत हे सूक्ष्मजीव बराच काळ तग धरतात. म्हणून आता मी ऑगस्टमध्ये मुलांना घरातलं पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) जाडं मीठ मूठभर आणायला सांगतो. पाकिटातलं बारीक आयोडीनयुक्त मीठ नको. कुणाच्या घरी पेडण्याकडचं मीठ असतं, कुणाच्या घरी म्हापशाच्या बाजारातलं. वर्गात तीस मुलं असली की तीस नमुने, होडी-गाडीचा खर्च शून्य. अमेरिकेत २००८पासून चाललेल्या ‘सी-फेजेस’ उपक्रमाची युक्ती हीच: पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मातीतून स्वतःचा बॅक्टेरियोफाज (जीवाणूंवर हल्ला करणारा विषाणू) शोधतो, पद्धत सगळ्यांची एकच, फाज ज्याचा त्याचा. पद्धत एक असली की शिक्षकाला वर्ग सांभाळता येतो, आणि नमुना वेगळा असला की शेजाऱ्याचं जर्नल उतरवून भागत नाही.

नमुना चांगला, तरी प्लेट कोरी

नमुना योग्य असूनही काही उगवत नसेल तर पहिल्यांदा डायल्युशनच्या (नमुना पातळ करायच्या) ट्यूब बघा. सूक्ष्मजीव म्हटलं की हात आपोआप ०.८५ टक्के सलाइनकडे जातो. अतिखाऱ्या पाण्यातल्या पेशींचं बाहेरचं आवरण मिठावरच टिकून असतं. सलाइनमध्ये पडल्या की त्यातल्या बऱ्याचशा फुटतात. मुलं मन लावून मेलेल्या पेशी पसरवत बसतात. डायल्युशनसाठी मीडियाइतकंच खारं पाणी वापरा, त्यात मॅग्नेशियमचं मीठही असू द्या.

दुसरं कारण घाई. ई. कोलायला २४ तास पुरतात, यांना एक ते तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्या दिवसांत प्लेट सुकते, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची. न ठेवल्यास तिसरी गंमत होते: अगारवर (मीडियाच्या घट्ट थरावर) मिठाचे स्फटिक येतात आणि गट आनंदाने ते मोजतो. ‘कॉलनी’ला (सूक्ष्मजीवांच्या पुंजक्याला) कोपरे दिसले की ते मीठ आहे.

ग्रॅम स्टेनमध्येही हीच फसगत. स्मिअर (काचेवर पसरवलेला थर) नळाखाली धुतला की पेशी गायब. हवेत सुकवलेला स्मिअर आधी ५ मिनिटं २ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवा. मीठ निघून जातं, पेशी पक्क्या बसतात. ही पद्धत १९५५पासून छापील आहे, तरी दर वर्षी कुणीतरी ती नव्याने शोधतं.

आता मूळ विषयाच्या नावाकडे या. गुलाबी-लाल कॉलनी आल्या तर त्या बहुधा जीवाणू नसतातच, ते आर्किया: जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्याच गटातले एकपेशीय सजीव. हा फरक शिकवताना एका तासात उरकला जातो आणि प्रोजेक्टमध्ये अंगाशी येतो. आमच्या एका गटाने त्यांच्यावर पेनिसिलीनची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) ठेवली. डिस्कभोवती रिकामं वर्तुळ आलं नाही. पोस्टरवर ठळक मथळा: मिठागरात पेनिसिलीनला दाद न देणारे जीवाणू! पेनिसिलीन पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीवर काम करतं आणि आर्कियात पेप्टिडोग्लायकन नसतं. जिथे कुलूपच नाही तिथे किल्ली चालली नाही म्हणून बोंब. शिवाय डिस्कभोवतालच्या वर्तुळाचे मिलिमीटर ज्या तक्त्याशी ताडायचे, तो तक्ता रोगकारक जीवाणूंसाठी आणि म्युलर-हिंटन अगारसाठी आहे. २५ टक्के मिठाच्या मीडियावर तो लावता येत नाही. पोस्टरवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं, तेव्हा हसायची सोय नाही. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवायच्या चाचणीत) बँड न दिसण्याचं कारणही अनेकदा इथेच असतं: सूक्ष्मजीव ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचे जीवाणूंसाठीचे नेहमीचे प्रायमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) आर्कियाच्या डीएनएवर नीट बसत नाहीत. आर्कियाचे वेगळे मागवा, आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी मागवा.

सगळ्यांच्या प्लेटवर एकच कॉलनी

ही तक्रार उलटी. नमुने वेगळे, जागा वेगळ्या, आणि प्रत्येक प्लेटवर तीच पांढरी, सुरकुतलेली, पसरणारी कॉलनी. मुलं खूश होतात: सगळीकडे एकच प्रजाती मिळाली. ती बहुधा तुमच्या ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून) वाचलेली बॅसिलस असते, उष्णता सोसणारे बीजाणू करणारा जीवाणू. काटा १५ पौंड दाखवतो म्हणजे आत १२१ अंश झाले असं नाही. आत हवा अडकली असेल तर दाब भरतो आणि तापमान मागे राहतं. झडपेतून वाफ सलग, जोराने येऊ द्या, मगच झडप बंद करा. दोन लिटरचा काठोकाठ भरलेला फ्लास्क आणि छोट्या ट्यूब एकाच खेपेत कोंबू नका. मोठ्या फ्लास्कच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि १५ मिनिटं तिथून मोजायची असतात.

पण हे कळणार कसं? प्रत्येक खेपेतली एक प्लेट काही न लावता इनक्युबेटरमध्ये ठेवली तरच. तयार प्लेट लॅब असिस्टंटकडून आयत्या मिळतात तिथे ही कोरी प्लेट कुणीच ठेवत नाही, कारण मीडिया हा मुलांच्या प्रयोगाचा भागच नसतो. मीडिया मुलांनीच तोलावा, मुलांनीच ओतावा. पहिले दोन आठवडे अगार सांडतो, असिस्टंट आपल्याकडे बघून मान हलवतो. सांडू द्या.

जुलैच्या दमट हवेत प्लेटच्या झाकणावर पाणी साचतं, ते खाली ठिबकलं की कॉलनी एकमेकींत मिसळतात. ओतलेल्या प्लेट सुकवून, उलट्या ठेवाव्यात. आणि पेटत्या बर्नरजवळ पंखा नको, उकाड्याने जीव गेला तरी.

फेअर जर्नल

सगळ्यात जास्त नुकसान मी या वहीमुळे होताना पाहिलं आहे. मुलं निरीक्षण हाताला लागेल त्या चिठोऱ्यावर लिहितात आणि शनिवारी घरी बसून शाईने, पट्टीने ओळी आखून फेअर करतात. फेअर करताना ‘प्लेट क्र. ४ पडली’ हे वाक्य गळतं. ४१२ कॉलनींची प्लेट ‘साधारण ३००’ होते, कारण मोजण्याजोगी प्लेट ३० ते ३००ची हे पुस्तकात असतं. मुलांची यात लबाडी नसते. शाळेपासून आपणच स्वच्छ वहीला गुण दिले आहेत. मी आता एकच वही ठेवायला लावतो. पानांना आकडे, पेन्सिल बंद, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. डाग पडलेल्या वहीचे गुण कापत नाही. सुरुवातीला पालक विचारतात, वही अशी कशी?

आपलीही एक खोड आहे. परीक्षक येणार म्हटलं की आपण मुलांच्या नकळत कपाटातलं जुनं शुद्ध कल्चर काढून देतो, ‘काहीतरी दाखवायला हवं’ म्हणून. मी एकदा दिलं. त्या मुलीने स्लाइड पाहिली आणि म्हणाली, ‘‘सर, हे माझं नाही.’’ तिला आपल्या कॉलनीची कड ओळखता येत होती.

किरकोळ, पण दर वर्षीच्या

चवथीची सुट्टी आधी मांडा, मग प्लेट लावा. एकाच ट्यूबमधून लावलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन नमुने नव्हेत. नाल्यातलं किंवा सांडपाण्याचं पाणी आणून ३७ अंशांवर वाढवू नका. अनोळखी कल्चर धोक्याचंच समजा, झाकण उघडून वास घेऊ देऊ नका, आणि ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय काही फेकू नका.

मिठाच्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्या असतील तर आतली टाकी आणि जाळी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. नाहीतर गंज चढतो, पुढच्या बजेटमध्ये नवा ऑटोक्लेव्ह मागावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत मुलं पास होऊन गेलेली असतात.