माळ्यावरची वटवाघळं बाहेर काढायची तर

कौलारू घराच्या माळ्यावर उंदरासारख्या लेंड्या दिसल्या, तर एक काडीने दाबून बघा. भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार कण दिसले, तर ती वटवाघळंच. धूर करू नका, डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. हवेशीर माळ्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही.

दिवेलागणीला अंगणात उभं राहून ती वळचणीच्या कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते हेरा. फटीच्या कडेला तेलकट काळा डाग असतो. तिथे वरून आणि दोन्ही बाजूंनी बारीक जाळी ठोका, खालची बाजू मोकळी व सैल सोडा. वटवाघूळ खाली सरपटत बाहेर पडतं, परत आत शिरायची वाट मात्र त्याला सापडत नाही. बाकीच्या फटी आधीच बुजवा, बोटभर फटही पुरते. आठवडाभर कुणी बाहेर पडताना दिसलं नाही, की जाळी काढून तीही फट बंद करा.

आत पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबाच, नाहीतर बिचारी उपाशी मरतील.

लेंड्या कोरड्या झाडू नका. मास्क लावून, पाणी शिंपडून भरा. वटवाघळाला उघड्या हाताने धरू नका. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.