‘बोल ना बेटा, बोल’ : मुलांच्या बोलण्याबाबत या चुका टाळा

पहिल्या भेटीचा प्रसंग ठरलेला असतो. मूल आईच्या मांडीवर. आई हनुवटी धरून त्याचं तोंड माझ्याकडे वळवते. “मॅडमना सांग, काऊ कसा करतो? सांग की. घरी सांगतो हो मॅडम, इथंच लाजतोय. बोल ना बेटा, बोल.” बेटा खिडकीतून खाली उभी असलेली रिक्षा बघत असतो. मीही रिक्षाच बघते. त्याला बोलावंसं वाटेल असं तिथं काही असेल तर ती रिक्षा, काऊ नव्हे.

कोल्हापुरात स्पीच थेरपी करायला लागून मला सतरा वर्षं झाली. चुका त्याच आहेत, फक्त मोबाइल महागडे झाले. त्यातल्या दोन चुकांनी माझं डोकं जास्त फिरतं, म्हणून त्यांना जागाही जास्त देते.

कान न तपासता थेरपी सुरू करणं

ही चूक पालक करतात, पण सगळ्यात मोठी मीच केलेली आहे. नुकतंच काम सुरू केलं होतं. अडीच वर्षांचा मुलगा, सोबत आई, बाबा आणि आजी. मी विचारलं, बेरा केलीय का? (मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो आत मेंदूकडे नीट पोहोचतो का ते बघतात, ती बेरा.) आजी म्हणाल्या, “कशाला ते? ऐकतंय की पोरगं चांगलं. हे बघा.” पिशवीतल्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि त्याच्या पाठीमागं फरशीवर टाकलं. खण्णकन आवाज झाला, पोरगं दचकून वळलं. “बघितलासा?”

बघितलं. आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

पुढचे चार महिने मी त्याच्याकडून ‘काका’ म्हणवून घेत होते आणि तो ‘आआ’ म्हणत होता. ‘शाळा’चंही ‘आआ’च व्हायचं. ‘मामा’, ‘बाबा’ मात्र स्वच्छ. मी वहीत लिहिलं : उच्चारदोष, सराव वाढवणे. पाचव्या महिन्यात एकदा तो रंगीत रिंगा खांबावर चढवत बसला होता आणि मी मागं कपाटापाशी उभी होते. ऐकणं तपासायला कॉलेजात शिकवलेले सहा आवाज आठवले : आ, ऊ, ई, म, श, स. फाइल तोंडासमोर धरली आणि हळू ‘श्श्श’ केलं. काही नाही. ‘स्स्स’. त्यानं पुढची रिंग उचलली. ‘आ’ म्हटलं, तर लगेच वळून हसला.

बेरा आणि पुढच्या तपासण्यांत निघालं की दोन्ही कानांनी ऐकायला कमी येतंय, मध्यम स्वरूपाचं, आणि उंच पट्टीचे आवाज तर फारच कमी. झाकण पडलेलं त्याला ऐकू येत होतं, बाबांची मोटारसायकल ऐकू येत होती, ‘मामा’ ऐकू येत होतं. स, श, क, च हे बारीक आवाज पोहोचतच नव्हते. मग ते तो म्हणणार कुठून? कानाला मशीन लावलं त्या दिवशी त्यानं बिस्किटाच्या पुड्याचा कागद हातात घेतला आणि किती तरी वेळ नुसता चुरगाळत बसला. चुरगाळायचा, सरळ करायचा, पुन्हा चुरगाळायचा. बिस्किटं तशीच राहिली. आजी म्हणाल्या, “पण झाकण तर ऐकलं होतं की वो त्यानं!”

तेव्हापासून बोलणं उशिरा असलेल्या मुलाचा कानाचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी थेरपीची वही उघडत नाही. पालक चिडतात. “जन्मल्यावर टेस्ट झाली होती, पास होता.” होता. ऐकण्याचे काही दोष नंतर सुरू होतात, आणि सततच्या सर्दीनं पडद्यामागं पाणी साचलं तर महिनोन्महिने सगळं दबकं ऐकू येतं, उशी कानावर धरल्यासारखं. बेराला जाताना एवढंच सांभाळा : आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि जाताना गाडीवर डुलकी काढू देऊ नका. गाडीत अर्धा तास झोपून ताजंतवानं झालेलं मूल तिथं झोपत नाही आणि तुमचा दिवस वाया जातो.

खर्चाचं म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 साली तो आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, गरज वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतं, आणि हे सगळं मोफत. मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिचं कामच हे. ‘सरकारी आहे, गर्दी असते’ म्हणून नाकं मुरडणारे लोक नंतर वीस हजारांची खेळणी घेतात, तेव्हा मला बोलवत नाही.

दिवसभर तोंडी परीक्षा घेणं

“हे काय? हा कुठला रंग? हत्तीची सोंड कुठंय? मॅडमना एबीसीडी म्हणून दाखव.” ज्या मुलाला शब्द येत नाहीत त्याला दिवसातून शंभरदा शब्द विचारायचे. तुम्हाला कुणी न शिकवता रोज कन्नडचा पेपर दिला तर तुम्ही काय कराल? खिडकीतून रिक्षाच बघाल.

माझी सवय साधी आहे. प्रश्न एक, तर त्याआधी चार-पाच साधी वाक्यं. आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचं, मनात दहा आकडे मोजेपर्यंत. हे ऐकायला सोपं वाटतं. मी पालकांना समोर करायला लावते. बहुतेकांची गाडी तीनवर अडते, चारला तोंडातून “बोल ना” निघतंच. बाबालोक त्यातही उतावळे.

एका आईला मी घरून मटार आणायला सांगितले. मुलगी सव्वादोन वर्षांची, शब्द पाच-सहा, बाकी सगळं हाताला धरून ओढत नेणं. आईनं शेंग उचलली आणि सवयीनं सुरू केलं, “हा कुठला कलर? ग्रीन म्हण. जी फॉर?” मी म्हटलं, ताई, आता प्रश्न विचारायचा नाही, फक्त शेंगा सोलायच्या आणि जे होतंय ते बोलायचं. पहिली दोन मिनिटं त्यांना काही सुचेना. मग : “टप्! उघडली. बघ, दाणे. एक... अजून एक. अगं, पळाला! खाली गेला.” दाणा टेबलाखाली गेला तशी मुलगी वाकली. दुसरी शेंग. “टप्! उघडली.” तिसरी शेंग आईनं हातात धरली, मुलीकडे बघितलं आणि मी खूण केली म्हणून थांबली. सहा... सात... आठ. “तप,” मुलगी म्हणाली. आई लगेच “शाब्बास! आता म्हण, ग्रीन!” आणि मी कपाळावर हात मारला. असो. पुढच्या आठवड्यात ‘पलाला’ही आलं.

मटारच हवेत असं नाही. कपडे वाळत घालताना चिमटे द्या-घ्यायचे, पोळ्या लाटताना कणकेची गोळी हातात द्यायची, भाजीवाल्याकडे “कोथिंबीर द्या” म्हणताना त्याला कडेवर घ्यायचं. मूल जेवढं बोलतं त्याच्या एक शब्द पुढं आपण राहायचं. ते ‘गाडी’ म्हणालं की आपण ‘गाडी गेली’, ते ‘गाडी गेली’ म्हणालं की ‘बाबांची गाडी गेली’. आठवड्यातून दोनदा माझ्यापुढं पाऊण तास बसून जे होत नाही ते पोळपाटापाशी होतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मॅडम काम टाळतायत.

आणि एक : मागायच्या आधी देऊ नका. पाण्याकडे नजर गेली की पेला हजर, बोट केलं की बिस्किट हजर. मग बोलायचं कशाला? आवडती वस्तू पारदर्शक डब्यात, घट्ट झाकण लावून, दिसेल अशी ठेवा. ते डबा घेऊन येईल. मग तुम्ही ‘उघड?’ एवढंच म्हणा आणि थांबा. रडवायचं नाही मात्र. हट्टाला पेटून “म्हटल्याशिवाय देणारच नाही” करणारे पालक मी बघितलेत. मूल शब्द शिकत नाही, डबा टाळायला शिकतं.

बाकीचं पटापट

मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगून ठेवलंय : दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षं दिवसाला फार तर एक तास. पण मोबाइल काढून घेतला आणि त्या जागी माणूस दिला नाही, तर मूल फक्त चिडचिडं होतं. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (म्हणे स्क्रीनमुळे होणारा ऑटिझम) हा शब्द व्हिडिओत ऐकून स्वतःच निदान करू नका, तसं कुठलं अधिकृत निदान नाही. शंका असेल तर डेव्हलपमेंटल पेडिएट्रिशियनना, म्हणजे मुलांची वाढ आणि विकास बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

घरात अचानक इंग्रजी. “बेबी, वॉटर पी. स्पून धर.” आजी मराठीत गोष्ट सांगायला गेली की तिला गप्प करतात. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं उशिरा येत नाही. जी भाषा तुम्हाला भांडायला येते तीच मुलाशी बोला. ‘भूभू’, ‘मंमं’, ‘भुर्र’ही चालतात, त्यानं मूल बिघडत नाही.

वेखंड उगाळून जिभेला लावल्यानं बोलणं येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात चाटवू नका, ते धोक्याचं आहे. जिभेखालची शीर कापली की मूल घडाघडा बोलेल, हाही गैरसमज. शब्दच नसलेल्या मुलाला त्यानं शब्द फुटत नाहीत.

शिट्ट्या, फुगे, मेणबत्त्या विझवणं. फुंकर मारायचा सराव केला की फुंकर छान येते. ‘क’ यायला ‘क’च म्हणावा लागतो. तरी पालकांना हे आवडतं, कारण काहीतरी चाललंय असं दिसतं.

तीन वर्षांचं मूल रिक्षाला ‘लिक्षा’ म्हणतं म्हणून धावत येऊ नका. र, ळ उशिराच बसतात.

याउलट, “त्याचे बाबाही उशिरा बोलले होते” म्हणून बसून राहू नका. दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही, तर या. आणि आलेलं बोलणं कुठल्याही वयात गेलं, तर त्याच आठवड्यात या.

तीन-चार वर्षांचं मूल अडखळायला लागलं तर “हळू बोल, नीट बोल, परत सांग” म्हणू नका. बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं. तुम्ही हळू बोला, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. काही महिने तसंच राहिलं किंवा बोलताना मान, डोळे ताणायला लागलं तर दाखवा.

तीन महिन्यांत तीन थेरपिस्ट बदलू नका. मात्र “गॅरंटीनं बोलतं करतो” म्हणणाऱ्याकडे पहिल्या दिवशीच आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर उठून या.

पहिल्या भेटीला येताना फाइलबरोबर मुलाचा घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा. माझ्यापुढं ते बोलणार नाहीच. आणि त्या व्हिडिओत मागून “बोल ना बेटा, बोल” ऐकू येत नसेल, तर फारच बरं.