सोलर बंबाच्या बॅकअप हीटरला स्मार्ट स्विच: वेळा, वायरिंग आणि वॅटचा आकडा

गच्चीवरच्या सोलर बंबातला बॅकअप हीटर, म्हणजे ऊन कमी पडलं तर विजेवर पाणी तापवणारा, बहुतेक घरांत चुकीच्या वेळी चालतो. संध्याकाळी बटण दाबून ठेवलं की रात्री जेवढं गरम पाणी काढाल तेवढं गार पाणी टाकीत येतं. थर्मोस्टॅट (पाण्याच्या तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) पुन्हा हीटर सुरू करतो आणि सकाळी ऊन पडायच्या आधीच टाकी ६० अंशांवर जाऊन बसते. मग दिवसभराच्या उन्हाला तापवायला फारसं काही उरत नाही. ऊन फुकटचं आणि वीज विकतची, म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ऊन, मग जे कमी पडेल तेवढंच हीटरने, तेही अंघोळीच्या तोंडावर.

कमी किती पडतं ते काढता येतं. १०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ०.११६ युनिट लागतं. म्हणजे २ किलोवॅटचा हीटर तासाभरात १०० लिटरची टाकी १७ अंशांनी, १५० लिटरची साडेअकरा अंशांनी आणि २०० लिटरची साडेआठ अंशांनी वर नेतो. बादलीत गार पाणी मिसळून ४० अंश मिळवायचे तर टाकीत ४८ अंश पुरतात. झडीच्या दिवसांत १५० लिटरची टाकी ३५ अंशांवर असेल, तर १३ अंशांना सव्वादोन युनिटं आणि सुमारे एक तास दहा मिनिटं लागतील. सहाला अंघोळ असेल तर पावणेपाचला सुरू करा. व्होल्टेज मात्र आधी बघा. पहाटे १९० व्होल्टच येत असेल, तर २००० वॅटचा हीटर १३६५ वॅटच देतो आणि तेच काम एक तास चाळीस मिनिटांवर जातं.

ही वेळ आपोआप पाळायला मोबाइल अ‍ॅपवरून वेळ लावता येणारा स्मार्ट स्विच बसवा. तो निवडताना वॅट मोजणाराच घ्या, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं. २ किलोवॅटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा स्विच पुरतो. ३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. १६चा रिले (स्मार्ट स्विचच्या आतला वीज जोडणारा-तोडणारा भाग) तेवढं घेतो, पण बंद बोर्डात तासन्‌तास तापत राहतो. तिथे डीबीत (घरातल्या मुख्य वीजपेटीत) २५ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोठा भार जोडणारा स्विच, लावा आणि स्मार्ट स्विचने फक्त त्याची कॉइल चालवा. मग हीटरचे वॅट स्विचला दिसणार नाहीत. त्यासाठी फेजच्या वायरवर क्लॅम्प बसणारा मीटर वेगळा लागेल. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग जुन्या, सैल झालेल्या सॉकेटमध्ये लावू नका. पिना काळ्या पडतात आणि प्लॅस्टिक वितळतं.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण काय करायचं हे तुम्हाला माहीत असू द्या.

१. डीबीतला एमसीबी (या लाइनचा सुरक्षा-खटका) पाडा आणि टेस्टरने फेज मेला आहे याची खात्री करा.

२. हीटरचा २० अँपिअरचा डीपी (डबल पोल) स्विच काढू नका. स्मार्ट स्विच त्याच्या पुढे, हीटरच्या बाजूला जोडा. रिले फक्त फेज तोडतो, डीपी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तोडतो, आणि गच्चीवर दुरुस्तीला माणूस चढेल तेव्हा तेच हवं. डीपीमुळे बोर्डात न्यूट्रलही आयता मिळतो.

३. वायरच्या टोकांना लग (धातूची टोपी) लावून स्क्रू घट्ट करा आणि महिन्याभराने पुन्हा आवळा. जळालेल्या स्विचमागे बहुतेक वेळा सैल स्क्रूच असतो.

४. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा खटका) आणि चालू अर्थिंग हवंच. हीटर लावताच आरसीसीबी पडत असेल तर एलिमेंट गळतंय. ते बदला, आरसीसीबी वगळून थेट जोडणी करू नका.

अ‍ॅपमध्ये तीन गोष्टी लावा. वीज गेल्यावर परत आली की स्विच बंदच राहील अशी सेटिंग करा. सुरू झाल्यापासून ९० मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर ठेवा. आणि पावणेपाचची वेळ चुकली तर म्हणून सव्वापाचला दुसरं ‘सुरू’ टाका. वेळापत्रक स्विचच्या आतच साठवलं जाणारं निवडा. ‘ऑटोमेशन’ नावाचे नियम बऱ्याचदा इंटरनेटवरून चालतात आणि नेट गेलं की थांबतात. वीज आल्यावर घड्याळ जुळवायलाही वायफाय लागतं, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

टीओडी मीटरच्या, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणाऱ्या मीटरच्या, घरगुती ग्राहकांना महावितरणने १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत दिली आहे. म्हणून कुणी दुपारी तापवून पहाटेपर्यंत पाणी ठेवत असेल, तर रात्रभर निसटणारी उष्णता त्या सवलतीचा बराचसा भाग खाते. संध्याकाळी अंघोळ होत असेल तर मात्र साडेतीन ते पाच ही वेळ उत्तम, तोवर उन्हाचं कामही उरकलेलं असतं. घरी वीज बनवणारी सोलर पॅनेलं आणि हायब्रीड इन्व्हर्टर असून त्यांची उरलेली वीज ग्रिडला जात नसेल, तरी हीच वेळ घ्या.

आता वॅटचा आकडा. व्होल्टेज नीट असेल तर २ किलोवॅटचा हीटर चालू असताना अ‍ॅपमध्ये १९०० ते २००० वॅट दिसतात आणि पाणी तापून थर्मोस्टॅटने हीटर बंद केला की शून्य. दहा-बारा मिनिटांतच शून्य झालं तर पाणी आधीच गरम होतं, वेळ कमी करा. शेवटच्या मिनिटालाही पूर्ण वॅट दिसत असतील आणि पाणी कोमट येत असेल, तर वीस मिनिटं वाढवा. पहिल्या मिनिटापासूनच शून्य असेल आणि नळाला गार पाणी असेल, तर थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर हीटर तोडणारा खटका) पडलाय किंवा एलिमेंट गेलंय.

एलिमेंट जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिकामी टाकी. वरची पाण्याची टाकी संपली आणि गार पाण्याच्या लाइनवर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर खालचे नळ बंबातलं पाणी ओढून घेतात. पहाटे वेळेवर हीटर लागतो आणि कोरडा जळतो. पाणी जायची शक्यता असलेल्या दिवशी आदल्या रात्रीच वेळापत्रक बंद करा. रिकामा बंब भर उन्हात भरू नका. तापलेल्या काचेच्या नळ्या गार पाण्याने तडकतात, सूर्य मावळल्यावर भरा.

मार्च ते मे वेळापत्रक पूर्ण बंद ठेवा आणि डीपीही पाडा.