गाडी गॅरेजला नेण्याआधी: डिझेलचा धूर अंगणातच ओळखा

दारव्ह्याला माझ्या गॅरेजवर येणारी गाडी बहुतेक पंधरा-वीस किलोमीटर चालून येते. माणूस उतरतो आणि म्हणतो, "भाऊ, सकाळी लय धूर मारते." मी रेस देतो, मागे जाऊन पाहतो, तर सायलेन्सर साफ. वाटेत इंजिन तापलेलं असतं आणि थंडपणी दिसणारा आजार तापल्यावर लपून बसतो. म्हणून ही पाहणी तुम्हीच करायची, घरी, पहाटे. मी कितीही वर्षं हे काम केलं असलं तरी तुमच्या अंगणातला पहिला सेल मला दिसत नाही.

दोन-सव्वादोन लाख किलोमीटर झालेली गाडी धूर सोडायला लागली की गावात निदान तयारच असतं: इंजिन गेलं. घाई करू नका. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. उष्णता कमी पडली की न जळलेलं डिझेल पांढरं बाहेर येतं, हवा कमी पडली की काळं. इंजिन ऑइल जळायला लागलं की धूर निळसर होतो. रंग सगळेच पाहतात. मला रंगाइतकंच हेही हवं असतं, की तो नेमका कधी येतो.

रात्री गाडी सपाट जागी, मोकळ्यात लावा. बंद शेडमध्ये ही पाहणी करू नका, धूर विषारी असतो. सकाळी सेल मारण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहा, कूलंटच्या टाकीवरची खूण पाहा आणि दोन्ही वहीत लिहून ठेवा. मग पोराच्या हातात मोबाइल द्या आणि सायलेन्सरपासून चार-पाच हात बाजूला उभं करून व्हिडिओ काढायला सांगा. इंजिन सुरू झाल्यावर जुन्या बनियनचा पांढरा तुकडा काठीला बांधून धुरात मिनिटभर धरा. कोरडी काजळी बसली तर डिझेल नीट जळत नाही. तेलकट डाग पडले तर ऑइल जळतंय.

पांढऱ्यात दोन प्रकार आहेत आणि ते नाकाने ओळखायचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थोडी वाफ प्रत्येक गाडी सोडते. ती दोन-चार हातांवर विरते, तिची चिंता नको. जो पांढरा धूर अंगणात रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, ज्याला कच्च्या डिझेलचा वास येतो आणि सोबत गाडी थरथरते, तिथे आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे प्लग, तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा दोन प्लग मेलेले असले तरी गाडी निमूट सुरू होते. हिवाळा आला की बिंग फुटतं. प्लगची वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग चांगले असूनही धूर असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) पाहावं लागतं, ते गॅरेजचं काम.

दुसरा पांढरा धूर पाण्याचा. त्याला गोडसर वास असतो, इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नाही आणि कूलंट रोज थोडं थोडं कमी होतं. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे पहाटेच, रेडिएटरचं झाकण उघडा आणि गाडी सुरू करून मिनिटभर पाहा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेल्याची दाट शंका धरा. डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑइल दिसलं तरी तेच. अशी गाडी चालवत आणू नका, ओढून आणा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नका. उकळत्या पाण्याने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

आता काळा. गेल्या सोयाबीनच्या हंगामात दिग्रसकडचे एक काका आले. १.३ लिटरची टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली गाडी, दोन लाख दहा हजार चाललेली. "इंजिन बांधा लागते म्हने, साठ हजार सांगतले. सोयाबीन ईकतो अन् करून घेतो." मी विचारलं, धूर कधी येते? "चढावर. चार मानसं बसले का." जागेवर रेस दिली तर? "जास्त नाही." पिकअप? "मेला हाय."

उभ्या गाडीत टर्बोचा दाब फारसा बनत नाही, तो ओझ्याखाली बनतो. चढावरच काळा धूर आणि पिकअप गेलेला, म्हणजे दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटतेय. मी बोनेट उघडून टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणाऱ्या रबरी पाइपाखाली हात घातला. बोटांना चिकट काळी पपडी लागली. आतली तेलकट हवा बाहेर येते आणि तिच्यावर आपली काळी माती बसून अशी पपडी धरते. पाइप दोन्ही हातांनी पिळला तर खालच्या बाजूने उन्हाळ्यात फुटलेल्या टाचेसारखी भेग उघडली. वरून पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती. पाइप बदलला, क्लॅम्प नवे टाकले, काकांना शेजारी बसवून चढावर गाडी नेली. धूर नाही. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. साठ हजार सांगणाऱ्याने बोनेटखाली हातसुद्धा घातला नव्हता, याचा मला आजही राग येतो.

म्हणून काळ्या धुराला आधी एअर फिल्टर, मग पाइप. सोयाबीनचं थ्रेशर चालू असताना आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर गादीसारखा थर बसतो. झटकून परत टाकू नका, नवा घ्या. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप. तो काजळीने उघडा अडकला की जळालेला वायू सतत आत येतो आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. काढून साफ करता येतो. सगळं ठीक असूनही काळा धूर असेल तर नोझल. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, तिथे प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपाला एकेक बाटली लावून पाहतात. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा फार जास्त डिझेल जमतं, तो नोझल झिजलेला. जुन्या गाडीत आम्ही चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून पाहायचो. कॉमन रेलवर तसं करू नका आणि कुणाला करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

निळ्या धुरात "कधी" सगळ्यात कामाला येतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू होताना निळा लोट टाकते आणि मग साफ होते, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे झडपांपाशी ऑइल अडवणारं रबर. सतत निळा आणि ओझ्याखाली वाढणारा असेल तर पिस्टनच्या रिंगा. त्यासाठी इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण फिरवून काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगांतून दाब खाली येतोय. टर्बोचं सील गेलं असेल तर इंटरकूलरचा पाइप काढल्यावर ऑइल ओघळतं. आत नुसता तेलकट ओलावा असेल तर घाबरू नका, तो ब्रीदरमुळे (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारी नळी) असतो.

डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका. असं पातळ, वाढलेलं ऑइल किंवा फुटलेला टर्बो इंजिनाला स्वतःच्याच ऑइलवर पळवू शकतो. मग किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, रेस चढतच जाते. तेव्हा सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून द्या, इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर गाडीजवळून सगळ्यांना दूर न्या. इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर हात लावायला जाऊ नका.

पीयूसी पास आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. धुराच्या घनतेची मर्यादा बीएस-४ (गाड्यांच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) च्या आधीच्या डिझेल गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ गाड्यांना १.६२ आहे, पण ती मोजणी गरम इंजिनवर, उभ्या गाडीत होते. पहाटेचा पांढरा आणि चढावरचा काळा त्या यंत्राला दिसतच नाही.

तर येताना व्हिडिओ आणि वही सोबत आणा. जमलं तर आदल्या संध्याकाळीच गाडी आणून लावा, आणि सकाळी मी येईपर्यंत सेल मारू नका.