मुदत संपलेल्या रसायनांत कृष्णधवल सिने-फिल्म घरी कशी धुवावी

बाटलीवरची तारीख उलटली म्हणून डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारं रसायन, मेलाच असं नसतं, आणि तारीख बाकी आहे म्हणून तो जिवंत आहे असंही नसतं. सैल झाकणाची, अर्धी रिकामी बाटली काही महिन्यांत निकामी होते. सीलबंद डबा मुदतीनंतरही बरीच वर्षं चालू शकतो. तेव्हा तारीख बाजूला ठेवून परीक्षा घ्यायची. फक्त एक पथ्य पाळा. जे चित्रण पुन्हा मिळणार नाही, आता हयात नसलेलं माणूस ज्यात आहे, ते रीळ जुन्या रसायनात घालू नका. त्याला ताजा डेव्हलपरच हवा. पुढे लिहिलंय ते सरावाच्या आणि प्रयोगाच्या रिळांसाठी.

डेव्हलपर आणि फिक्सर यांचा दगा सारखा नसतो

फिक्सर, म्हणजे उमटलेली प्रतिमा पक्की करणारं रसायन, कमजोर निघाला तर फिल्म दुधाळ राहते. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवली की काम भागतं. डेव्हलपर कमजोर निघाला तर प्रतिमा नीट उमटतच नाही, आणि नंतर फिक्सरने उरलेलं सिल्व्हर हॅलाइड (फिल्ममधलं प्रकाशाला संवेदनशील संयुग) विरघळवून टाकलं की परतीची वाट बंद होते. म्हणून सगळी मेहनत आधी डेव्हलपरवर करा.

रंगावरून थोडंफार कळतं, सगळं नाही. डी-७६ सारख्या मेटॉल-हायड्रोक्विनोनच्या डेव्हलपरमध्ये सल्फाइट असतं. ते हवेपासून डेव्हलपरला वाचवतं. ते संपत आलं की द्रावण तपकिरी होऊ लागतं. असं द्रावण मी फेकून देतो. पावडर पांढरी सोडून तांबूस झाली असेल तर तीही. रोडिनाल हा डेव्हलपर मात्र काळपट चहासारखा झाला तरी उत्तम काम करतो. उलट एक्सटॉलसारखे अॅस्कॉर्बिक आम्लावर चालणारे डेव्हलपर पाण्यासारखे स्वच्छ दिसत असतानाही मेलेले असू शकतात.

दोन तुकड्यांची परीक्षा

पूर्ण अंधारात रिळाच्या शेवटच्या टोकाचे बोटभर लांबीचे दोन तुकडे कापा आणि बाकीचं रीळ काळ्या पिशवीत घालून डब्यात बंद करा. सुपर ८ या ८ मिमी रुंद सिने-फिल्मचं प्लॅस्टिक कार्ट्रिज यासाठी फोडावंच लागतं. एक तुकडा उजेडात आणा, दुसरा अंधारातच ठेवा. डेव्हलपर २० अंशांवर आणून दोन्ही तुकडे अंधारात लेबलवरच्या वेळेइतके त्यात हलवा, पाण्यात विसळा आणि फिक्स करा.

आता ते दिव्यासमोर धरा. उजेड पाहिलेला तुकडा इतका काळा व्हायला हवा की त्यातून दिवा जेमतेम दिसेल. न पाहिलेला जवळपास पारदर्शक हवा. पहिला राखाडीच राहिला तर वेळ दीडपट करून नव्या तुकड्यांवर पुन्हा पाहा. तरीही काळा झाला नाही तर डेव्हलपर टाकून द्या. दुसराही गडद झाला तर ते धुकं आहे, बहुतेक वेळा फिल्मच जुनी असल्याचं. वेळ आणखी वाढवलात तर धुकंही वाढेल. काही फिल्मचा पायाच मुळात गडद असतो. फोमापॅन आर १०० या फिल्ममध्ये चांदीचा एक थर असतो, जो रिव्हर्सल (फिल्मवर थेट पॉझिटिव्ह चित्र काढणाऱ्या) प्रक्रियेतल्या ब्लीचनेच जातो; ती निगेटिव्ह म्हणून धुतली तर काळसर दिसणारच.

उजेडातल्या तुकड्यावर डेव्हलपरचा थेंब टाकून पाहणं पुष्कळांना पुरेसं वाटतं. माझं एक रीळ त्यावरच विसंबल्याने गेलं. थेंबाखाली फिल्म काळी झाली, मी निर्धास्तपणे सगळं रीळ टाकीत घातलं, आणि हातात आली ती इतकी फिकी निगेटिव्ह की सावल्यांमध्ये काहीच उमटलं नव्हतं. बोटभर तुकड्याला पुरलेला डेव्हलपर १५ मीटरला पुरला नाही. ५० फुटी सुपर ८ रिळाचं क्षेत्रफळ ३६ फोटोंच्या दोन रोलांहून जास्त भरतं, आणि १०० फुटी १६ मिमीचं तर सुमारे नऊ रोलांइतकं. म्हणून जुना डेव्हलपर पातळ करू नका, टाकीत मावेल तेवढा पूर्ण भरा आणि एकदाच वापरून टाकून द्या.

प्रत्यक्ष धुणं

रिव्हर्सलच्या वाटेला जाऊ नका. त्यात पहिल्या डेव्हलपरने काम पूर्ण केलं नाही तर चित्र काळोखं होतं, आणि जुन्या डेव्हलपरकडून नेमकी तीच खात्री मिळत नाही. निगेटिव्ह काढा, स्कॅन करून उलटवा.

सोव्हिएत काळातल्या लोमो कंपनीच्या सर्पिल टाक्यांत १५ मीटर सुपर ८ मावते. मिळाली तर घ्या. फिल्म सर्पिलात भरायचा सराव आधी निकामी फिल्मवर, उजेडात आणि मग डोळे मिटून करा. टाकी नसेल तर अंधारात बादलीतही होतं, पण फिल्म एकमेकांना चिकटते, डाग आणि ओरखडे येतात.

हातमोजे घाला, मेटॉलने कातडीवर पुरळ येऊ शकतं. भांडी स्वयंपाकाची नकोत, खिडकी उघडी असू द्या. डेव्हलपर, पाणी, फिक्सर सगळ्यांचं तापमान एकसारखं ठेवा. एकदम गरमातून गारात गेली तर जुन्या फिल्मच्या इमल्शनला (प्रतिमा धरणाऱ्या थराला) सुरकुत्या पडतात. पहिलं अर्धं मिनिट सतत, मग दर अर्ध्या मिनिटाने हलवा. स्टॉप बाथऐवजी (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणाऐवजी) स्वच्छ पाण्याने दोनदा विसळलं तरी चालतं.

फिक्सरच्या तळाशी पिवळसर गाळ दिसला तर तो गंधक आहे. असा फिक्सर टाकाच. दिसायला ठीक असेल तर कोरा तुकडा बुडवून तो दुधाळपणा जाऊन पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा आणि रिळाला त्याच्या दुप्पट वेळ द्या. ताज्या फिक्सरपेक्षा तुकड्यालाच दुप्पट वेळ लागत असेल तर फिक्सर संपला.

मग वाहत्या पाण्यात अर्धा तास. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाकून फिल्म दोरीवर सैल वेढे देत वाळवा. वेढे एकमेकांना चिकटू देऊ नका, ओल्या इमल्शनला बोट लावू नका.

फिल्म पूर्ण कोरी निघाली तर आधी परीक्षेचा उजेडातला तुकडा काढून बघा. तो काळा असेल तर डेव्हलपरला दोष देण्याआधी कॅमेऱ्याचं शटर आणि लेन्सचं झाकण तपासा. वापरलेला फिक्सर बागेत, विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. त्यात फिल्ममधून निघालेली चांदी असते. तो वेगळ्या कॅनमध्ये साठवून चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्या.